ट्रकचा शॉकअप निवडताना जुना नग नको, गाडी मोजा

ट्रकचा शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, बदलायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच पद्धत दिसते. जुना खोलायचा, पोत्यात गुंडाळून दुकानात न्यायचा आणि ‘असाच द्या’ म्हणायचं. दुकानदार दोन्ही नग काउंटरवर शेजारी उभे करतो, टोकांच्या रिंगा जुळल्या की बिल फाडतो. काही महिन्यांत नवा शॉकअप तेल टाकायला लागतो किंवा वरचा ब्रॅकेट तुटून हातात येतो, आणि शिव्या मात्र कंपनीला बसतात.

खोट असते ती या ‘असाच’मध्ये. हातातला जुना नग मूळ कंपनीचाच आहे याची खात्री कुणालाच नसते. मागच्या वेळी कुणीतरी जुळवून घातलेला, दुसऱ्याच मॉडेलचा नग असू शकतो. मधल्या काळात मालकाने एखादा पाटा, म्हणजे स्प्रिंगची लोखंडी पट्टी, वाढवला असेल, तर गाडीच बदललेली असते. म्हणून शॉकअप जुळवायचा तो गाडीशी. खालचे टप्पे पुढच्या ॲक्सलला पाटे असलेल्या अवजड ट्रक आणि टिपरसाठी आहेत. एअर सस्पेन्शन (पाट्यांऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी गाडी) आणि केबिनच्या शॉकअपबद्दल शेवटी थोडक्यात सांगितलं आहे.

कामाआधीची तयारी

सपाट, कठीण जमीन हवी. चढावर किंवा भरावाच्या मातीवर घेतलेली मापं फसवतात. सोबत ३ किंवा ५ मीटरची स्टीलची टेप, व्हर्निअर कॅलिपर, खडू, टॉर्च, तारेचा ब्रश, चाकांना लावायला लाकडी ठोकळे, पुरेशा टनांचे दोन जॅक आणि दोन भक्कम स्टँड घ्या. वही-पेन विसरू नका. या कामात तोंडी माप चालत नाही, कारण ५९० चं ५६० व्हायला गॅरेज ते दुकान एवढं अंतर पुरतं.

टायरमधली हवा नेहमीइतकी ठेवा. गाडी रिकामी असावी. भरल्या गाडीचंही माप मिळालं तर फारच चांगलं.

सावधान: मापं घेऊन होईपर्यंत जुना शॉकअप उतरवू नका; तिसऱ्या मापाला फक्त खालचा बोल्ट निघेल. सगळ्यात जास्त चुका इथूनच सुरू होतात.

टप्पा १: शॉकअपच गेला आहे ना, हे ठरवा

कारचा बॉनेट दाबून सोडायची चाचणी ट्रकवर चालत नाही. एवढे जाड पाटे माणसाच्या वजनाने हलत नाहीत. त्याऐवजी दोन गोष्टी बघा.

पहिली, तेल. रॉडच्या सीलजवळ धूळ चिकटलेला पातळ ओलसर थर दिसला म्हणून नग टाकून देऊ नका. रॉड वर-खाली होताना तेलाचा बारीक थर बाहेर येतोच. तेल ओघळून नळीच्या तळापर्यंत किंवा खालच्या बोल्टपर्यंत आलं असेल, तर तो नग संपला. खात्री नसेल तर कपड्याने कोरडा पुसा, गाडी दिवसभर चालवा आणि पुन्हा बघा.

दुसरी, उष्णता. खराब रस्त्यावर १५-२० मिनिटं गाडी चालवून लगेच थांबा आणि दोन्ही शॉकअपच्या खालच्या नळीचं तापमान बघा. शॉकअपचं कामच मुळी धक्क्याची ऊर्जा तेलाच्या घर्षणातून उष्णतेत बदलायचं आहे. त्यामुळे चालू नग जवळच्या चेसिसपेक्षा गरम लागतो. एक गरम आणि दुसरा गार असेल, तर गार लागणारा काम करत नाही.

सावधान: टिपर किंवा खडीच्या रस्त्यावरच्या गाडीचा शॉकअप चटका बसेल इतका तापतो. आधी हात जवळ नेऊन अंदाज घ्या. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर हात लावूच नका.

टायरवर ठरावीक अंतराने खोलगट डाग पडत असतील तर शॉकअपवर संशय घ्यायला जागा आहे. पण बॅलन्सिंग, चाकाच्या बेअरिंगची ढिलाई आणि किंगपिनची (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीची) झीजही असेच डाग पाडतात. टायर फक्त आतून किंवा फक्त बाहेरून एकसारखा खात असेल तर तो अलाइनमेंटचा विषय आहे, त्यात शॉकअपला दोष देऊ नका.

तपासा: वरच्या ब्रॅकेटला तडा, रिंगेतलं फाटलेलं रबर, घासून अंडाकृती झालेलं बोल्टचं भोक, पाटे ॲक्सलला बांधणारे ढिले यू-बोल्ट, तुटलेला पाटा. यातलं काहीही असेल तर ते आधी दुरुस्त करा, नाहीतर नवा शॉकअप त्याच खड्ड्यात जाईल.

टप्पा २: गाडीची ओळख कागदावर नाही, चेसिसवर शोधा

दुकानात ‘बारा टायरची आहे’ किंवा ‘पंचवीस-अठरा आहे’ एवढ्यावर शॉकअप मागितला जातो. एकाच नावाच्या गाडीला वेगवेगळ्या काळात वेगवेगळे पाटे आणि वेगवेगळे शॉकअप लागलेले असू शकतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ॲक्सलवरच्या भाराची मर्यादा वाढवली. दोन ॲक्सलच्या ट्रकचं एकूण वजन १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेलं. पुढे १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि इंजिनासोबत पुढच्या भागातही बदल झाले. बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या दोन गाड्यांचे पार्ट नंबर म्हणूनच वेगळे निघू शकतात.

चेसिसवर ठोकलेला १७ अक्षरांचा नंबर तारेच्या ब्रशने साफ करून उतरवा आणि फोटो काढा. या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत. म्हणजे ओसारखं जे दिसतं ते शून्य आणि आयसारखं दिसतं ते एक. या नंबरावरून अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून मूळ पार्ट नंबर काढून घ्या. शॉकअप दुसऱ्या ब्रँडचा घ्यायचा असला तरी हा नंबर हवाच, कारण चांगल्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये मूळ नंबराशेजारीच त्यांचा नंबर दिलेला असतो.

सोबत हेही लिहा: पुढचे पाटे पॅराबोलिक आहेत की साधे. मधे जाड आणि टोकांकडे पातळ होत जाणारे, एकमेकांत फट ठेवून बसवलेले दोन-चार पाटे म्हणजे पॅराबोलिक. एकावर एक घट्ट चिकटलेली पाट्यांची चळत म्हणजे साधे. ही नोंद का हवी ते टप्पा ५ मध्ये येईल.

टप्पा ३: उभ्या गाडीवर तीन मापं

सगळा खेळ इथे आहे. घाई करू नका. डावी आणि उजवी, दोन्ही बाजू वेगळ्या मोजा.

पहिलं माप, उभी लांबी. गाडी चाकांवर उभी असताना शॉकअपच्या वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर. रिंगेच्या कडेपासून नाही, मध्यापासून. बोल्टच्या डोक्यावर खडूने फुली मारली की टेप धरायला सोपं जातं.

दुसरं माप, दबायची जागा. चेसिसखालचा रबरी बंप स्टॉपर आणि ॲक्सलवर तो जिथे आपटतो ती जागा, यांतलं उभं अंतर. रबराची स्वतःची उंचीही लिहा. जोराचा दणका बसला की रबर साधारण निम्मं दबतं असं धरायचं.

तिसरं माप, लटकती लांबी. मागच्या चाकांना ठोकळे लावा, चेसिस जॅकने उचला, चेसिसखाली दोन्ही बाजूंना स्टँड द्या आणि पुढची चाकं मोकळी लटकू द्या. आता सगळे जिथे चुकतात ती गोष्ट: शॉकअप जोडलेला असताना हे माप घेऊ नका. शॉकअप आखूड असेल तर ॲक्सलला तोच धरून ठेवतो, आणि तुम्ही पाट्याच्या ऐवजी शॉकअपच मोजता. ॲक्सलखाली दुसरा जॅक लावून किंचित वर घ्या, खालचा बोल्ट काढा, मग जॅक सावकाश सोडा. बोल्ट निघाल्यावर ॲक्सल आणखी दोन-तीन बोटं खाली गेला, तर जुना शॉकअप आखूड होता, आणि तो का फाटला याचं उत्तरही तिथेच मिळालं. आता वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजा.

सावधान: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. बोल्ट अडकला असेल तर हातोडा घालू नका. ॲक्सलचा भार शॉकअपवर आहे, आधी जॅकने तो काढा.

आता हिशेब. समजा उभी लांबी ५९० मिमी, बंप स्टॉपरची जागा ७५ मिमी, रबराची उंची ६० मिमी आणि लटकती लांबी ६५५ मिमी आली.

पूर्ण दबलेल्या गाडीत उरणारी लांबी: ५९० मधून ७५ वजा आणि निम्म्या रबराचे ३० वजा, म्हणजे ४८५. त्यातून सुरक्षेसाठी २५ मिमी सोडा. शॉकअपची मिटलेली लांबी ४६० किंवा त्याहून कमी हवी.

दुसऱ्या टोकाला ६५५ अधिक २५, म्हणजे शॉकअपची उघडलेली लांबी निदान ६८० हवी.

दुकानात तीन नग समोर आले असं धरा. पहिला ४४० मिटलेला, ६९० उघडलेला. हा बसतो. दुसरा ४७५ आणि ७४५. याला ‘लांब आहे, जास्त चांगला’ म्हणून गळ्यात मारतात, पण मिटलेली लांबी ४६० हून जास्त आहे, २५ ऐवजी जेमतेम १० मिमीची सूट उरते, आणि जास्त जोराचा दणका बसला तर तो आतून तळाला टेकणार. तळाचा वॉल्व्ह फुटेल किंवा ब्रॅकेट उपटून येईल. तिसरा ४२० आणि ६५०. हा चाक खड्ड्यात लटकलं की ताणला जाणार आणि रॉड पिस्टनपासून सुटणार. तिन्ही नग रिंगांनी सारखेच जुळतात, म्हणून तर फसगत होते.

शॉकअप बराच तिरका बसत असेल तर ॲक्सल जितका हलतो त्यापेक्षा शॉकअप थोडा कमी मिटतो. वरचा हिशेब त्या बाबतीत सुरक्षित बाजूलाच राहतो.

आता वाढवलेल्या पाट्यांचं. उसाच्या हंगामात किंवा वाळू-खडीसाठी पाटा वाढवला की रिकामी गाडी उंच उभी राहते आणि लटकती लांबीही वाढते. वरच्याच गाडीत ती ६५५ ऐवजी ६९० झाली, तर उघडलेली लांबी ७१५ लागेल. मिटलेली लांबी मात्र तीच, ४६०. ही दोन्ही मापं, आणि टोकंही, एकत्र जुळणारा नग सहज सापडेलच असं नाही. अशा गाडीला शॉकअप शोधत हिंडण्यापेक्षा पाट्यांचा सेट कंपनीच्या मापावर आणा. ब्रॅकेट कापून खाली-वर वेल्ड करायचा उपाय सुचवला जातो, तो करू नका. चेसिसच्या पट्टीवर वेल्डिंग केलं की तडा तिथूनच सुरू होतो.

टप्पा ४: टोकं आणि बुश (रिंगेतलं रबर आणि स्लीव्ह)

टोकं दोन प्रकारची असतात: रिंग, किंवा आटे पाडलेली दांडी. काही शॉकअपला दोन्ही बाजूंना रिंग, काहींना वर दांडी आणि खाली रिंग असते. रिंगेच्या बाबतीत तीन मापं व्हर्निअरने घ्या: आतल्या लोखंडी स्लीव्हचं (छोट्या नळकांड्याचं) भोक, स्लीव्हची लांबी आणि ब्रॅकेटच्या दोन कानांमधलं अंतर. बोल्ट १६ मिमीचा आणि भोक २० चं असेल तर ‘वॉशर टाकून चालवू’ हे उत्तर नाही. स्लीव्ह ब्रॅकेटमध्ये घट्ट आवळली जायला हवी. ती हलायला लागली की बोल्ट कापला जातो.

एक बारीक गोष्ट. काही शॉकअपच्या दोन्ही रिंगांमधली स्लीव्ह सारखी नसते, वरची लांब आणि खालची आखूड असते. जुना नग सोडताना कोणती कुठे होती त्याचा फोटो घेतला नाही, तर बसवताना तासभर जातो.

टप्पा ५: ताकद आणि प्रकार

एक समज आधी काढून टाका: शॉकअप वजन उचलत नाही. वजन पाटे पेलतात. शॉकअप फक्त पाट्यांची उसळी जिरवतो. ‘जाड शॉकअप टाका, लोड पेलेल’ असं म्हणून कडक नग बसवला तर लोड तेवढाच राहतो, फक्त प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ ब्रॅकेटला आणि ड्रायव्हरच्या कमरेला बसतो.

प्रत्येक शॉकअपला दोन ताकदी असतात, उघडतानाची आणि मिटतानाची. उघडतानाची बहुधा बरीच जास्त असते, कारण दबलेला पाटा सुटताना मोठ्या जोराने उसळतो. मिटताना कडकपणा जास्त ठेवला तर खड्ड्याचा मार चेसिसवर जाईल. कॅटलॉगमध्ये हे आकडे न्यूटनमध्ये आणि ठरावीक वेगाला दिलेले असतात. दोन कंपन्यांचे आकडे ताडून बघताना वेग एकच आहे ना ते आधी बघा. आकडे मिळालेच नाहीत, तर मूळ पार्ट नंबराशी जोडलेला नगच घ्या. नळीच्या जाडीवरून ताकद ठरवू नका, ती आतल्या वॉल्व्हवर असते.

आता पॅराबोलिकची नोंद कामाला येते. साध्या पाट्यांच्या चळतीत पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणानेच थोडी उसळी मरते. पॅराबोलिकमध्ये हे घर्षण फारच कमी, त्यामुळे शॉकअपवर काम जास्त पडतं. म्हणून लांबी आणि रिंगा तंतोतंत जुळल्या तरी साध्या पाट्यांच्या गाडीचा नग पॅराबोलिकला घालू नका. गाडी पुलाच्या सांध्यावरून गेली की तीन-तीन वेळा झुलत राहील.

प्रकारात ट्रकला बहुधा दोन नळ्यांचा शॉकअप असतो, नुसत्या तेलाचा किंवा कमी दाबाच्या नायट्रोजनचा. खाणीच्या किंवा क्रशरच्या रस्त्यावर सतत चालणाऱ्या टिपरला गॅसवाला बरा, कारण सतत हालचालीत तेलात फेस कमी होतो. दोन नळ्यांचा नग उलटा बसवता येत नाही. तेलाची नळी खाली आणि रॉड वर हवा, नाहीतर तो हवा ओढायला लागतो.

टप्पा ६: दुकानात काय बघायचं

जोडी घ्या. एका ॲक्सलवर एक जुना आणि एक नवा ठेवला तर नव्यावर सगळं काम पडतं.

टेप काउंटरवर काढा. नग पूर्ण दाबून आणि पूर्ण ओढून दोन्ही लांबी मोजा. छापील आकड्यावर विसंबू नका. खोक्यावरचा पार्ट नंबर आणि नगावर ठोकलेला नंबर एकच आहे ना बघा. नळीच्या तळाला ताजं वेल्डिंग, आट्यांवर चढलेला रंग, रॉडवर बारीक टोचे किंवा गंजाचे ठिपके दिसले तर तो नग कापून पुन्हा भरलेला असायची शक्यता मोठी. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या, त्याशिवाय वॉरंटीचं बोलणं पुढे सरकत नाही.

हाताने ओढून फक्त एवढंच कळतं की नग मेलेला नाही. चाल सलग आणि एकसारखी जड लागली पाहिजे. मधेच हलका पडला तर लगेच नाकारू नका. तो फडताळावर आडवा पडून आत हवा चढलेला असू शकतो. हवा काढून मग ठरवा.

टप्पा ७: बसवणं

१. हवा काढा. नग सरळ उभा धरून पूर्ण ओढा, उलटा करून पूर्ण दाबा, पुन्हा सरळ करून ओढा. असं चार-पाच वेळा, मधली रिकामी चाल जाईपर्यंत. मग बसवेपर्यंत उभाच ठेवा. गॅसवाला नग पट्टीने बांधलेला येतो. तीही सोडून हवा काढा आणि बसवण्याआधी पुन्हा बांधा.

२. रॉडला पाना किंवा पकड कधीही लावू नका. एक ओरखडा पुरतो, सील तिथूनच कापलं जातं. जवळ वेल्डिंग चालू असेल तर रॉड ओल्या कापडाने झाका.

३. आधी वरचं टोक, मग खालचं. बोल्ट हाताने घुसले पाहिजेत. जॅकने ॲक्सल वर-खाली करून भोकं जुळवा, टॉमी (लोखंडी पहार) घालून ओढाताण करू नका.

४. नट अजून पूर्ण आवळू नका. स्टँड काढा, गाडी चाकांवर उतरवा, चार पावलं पुढे-मागे घ्या आणि मगच कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) आवळा. रबर स्लीव्हला चिकटवलेलं असतं. चाक लटकत असताना आवळलं तर गाडी उतरल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नवा शॉकअप काही आठवड्यांत करकरायला लागला, की यातलीच चूक झालेली असते.

५. दांडीच्या टोकाला रबर वॉशरच्या कडेपर्यंत फुगलं की थांबा. वॉशरच्या बाहेर लोंबेपर्यंत आवळलेलं रबर लवकर फुटतं. लॉक नट नेहमी नवा.

तपासा: स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. ब्रेकचा पाइप, ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची दांडी) किंवा टायर शॉकअपला घासत नाही ना?

एअर सस्पेन्शन आणि केबिन

मागे एअर बॅग असेल तर शॉकअप आणखी एक काम करतो: चाक लटकल्यावर बॅग जास्त ताणू देत नाही. तिथे लांब नग घातला तर बॅग तिच्या बैठकीवरून निसटते किंवा फाटते. उघडलेली लांबी मूळ नगाइतकीच हवी, मिलिमीटरचीही सूट नाही. मोजण्याआधी लेव्हलिंग वॉल्व्हची (बॅगमधली हवा कमी-जास्त करून गाडीची उंची राखणाऱ्या वॉल्व्हची) उंची कंपनीच्या मापावर आणा, नाहीतर चुकीच्या उंचीवर बरोबर शॉकअप शोधत बसाल.

केबिन डुलते म्हणून पुढच्या ॲक्सलचे शॉकअप बदलणारेही आहेत. केबिनखाली वेगळे छोटे शॉकअप असतात, ते आधी बघा. एक माणूस बाहेर सुरक्षित अंतरावर उभा करा, गाडी खराब रस्त्यावरून सावकाश न्या आणि त्याला केबिनकडे आणि तिच्याखालच्या चेसिसकडे लक्ष द्यायला सांगा. चेसिस स्थिर आणि केबिन हलत असेल, तर ॲक्सलच्या शॉकअपचा खर्च वाचतो.

पहिल्या हजार किलोमीटरनंतर

५०० ते १,००० किलोमीटरवर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कने बघा. त्याच दिवशी खराब रस्त्यावरून आल्यावर दोन्ही नगांचं तापमान पुन्हा ताडून बघा. दोन्ही जवळपास सारखे गरम हवेत. एक गार लागला तर नगाला दोष द्यायच्या आधी त्या बाजूचा बोल्ट आणि ब्रॅकेट हलतोय का ते बघा, कारण ढिल्या बोल्टमध्ये हालचाल रबरातच जिरते आणि शॉकअपपर्यंत पोचतच नाही. पहिल्या दिवशीची तीन मापं वहीत ठेवा. पुढच्या वेळी उभी लांबी १५-२० मिमीने कमी आली, तर पाटे बसलेत.